पडवीतला मोगली

मागच्या मे महिन्यात आमच्या घरात मोगलीवरून भांडण झालं. एका बाजूला मी, वय ४३. दुसऱ्या बाजूला माझी मुलगी, वय ८.

मी संध्याकाळच्या आसनगाव लोकलने घरी आलो होतो. मे महिन्याचा उकाडा, डब्यात उभं राहून पाय आंबलेले. ओट्यावर चपला काढत होतो, तेवढ्यात आतून ‘मोगली’ असा शब्द कानावर आला आणि एक चप्पल हातात घेऊन मी तसाच आत गेलो. पोरगी चटईवर पालथी पडून मोबाइल बघत होती. पडद्यावर गुळगुळीत गालांचा, प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखा चकाकणारा एक पोरगा झाडावरून झाडावर उड्या मारत होता. मागून येणारं अस्वल घसरून पडलं आणि पोरगी खदखदून हसली.

“हा कुठला मोगली?” मी म्हटलं.

“मोगलीच आहे, बाबा.”

“हा नाही. हा खोटा आहे. थांब, तुला खरा दाखवतो.”

तिने मान वर केली. “खरा म्हणजे?”

त्या दिवशी मी तिला जे उत्तर दिलं ते चुकीचं होतं. ते का चुकीचं, हे सांगायचं तर तुम्हाला माझ्याबरोबर १९९३ साली आमच्या तात्यांच्या पडवीत यावं लागेल.

तेव्हाचं आसनगाव म्हणजे स्टेशन, स्टेशनाबाहेर चार दुकानं, शहापूरला जाणाऱ्या रिक्षा आणि मागे माहुलीचा डोंगर. आमच्या आळीत टीव्ही एकच, तात्यांचा. लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. शटर सरकवताना कर्रर्र आवाज यायचा, तो आवाज ऐकला की आळीतली पोरं आपोआप गोळा व्हायची. घरात एवढी माणसं मावायची नाहीत म्हणून तात्यांनी टीव्ही पडवीच्या आतल्या भिंतीला लावला होता. कौलांवर बांबूला बांधलेला अँटेना. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र आमच्यापर्यंत येता येता दमून जायचं. एक जण वर चढून अँटेना फिरवायचा, एक जण अंगणात उभा राहायचा आणि एक जण टीव्हीसमोर. “आलं का?” “आलं, आलं… गेलं!” नुसत्या मुंग्या. पुन्हा फिरव.

दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं. त्याचं गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं, हे नंतर कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की फुलाने चड्डी घातल्याचं ते गाणं सुरू झालं की तोंडातला घास चावायचा राहतो. गंमत म्हणजे ना त्या फुलाचा रंग आम्हाला माहीत होता, ना चड्डीचा. आमचा मोगली करडा, जंगल करडं, शेरखानही करडा. अंगावर काळे पट्टे, म्हणून तो वाघ. ते सगळं रंगीत होतं हे मला थेट मोबाइलवर कळलं, पंचवीसेक वर्षांनी.

पोरांबरोबर मोठी माणसंही बसायची, आणि त्याला कारण होतं शेरखानचा आवाज. पहिल्यांदा तो आवाज पडवीत घुमला तेव्हा तात्या दाढी करायचे थांबले. गालाला फेस तसाच. म्हणाले, “अरे, हा तर आपला नाना!” नाना पाटेकर. मुरुड-जंजिऱ्याकडचा माणूस, हिंदीत वाघ होऊन बोलत होता, पण त्या बोलण्यात कोकण लपत नव्हतं. तो दबक्या आवाजात बोलायला लागला की माझी आजीसुद्धा सुपातले तांदूळ निवडायचे थांबवायची.

एक भाग बघायचा आणि आठवडाभर त्याचं रवंथ करायचं. लाइट गेली तर तो भाग गेला, आयुष्यातून गेला. पुन्हा लागेल अशी आशा नाही. मग सोमवारी शाळेत “काल काय झालं रे?” म्हणून विचारत फिरायचं. ज्याच्याकडे लाइट होती तो त्या दिवसापुरता राजा. आम्ही बाभळीच्या वाकड्या फांदीचं, मोगलीच्या हातात असतं तसलं, फेकलं की परत येणारं हत्यार बनवलं होतं. ते फेकलं की परत कधी आलं नाही. एकदा शेजाऱ्यांच्या कौलावर गेलं, तेव्हा परत आली ती शेजारीण.

इथपर्यंतची गोष्ट मी मुलीला सांगितली होती. बहुतेक बापांच्या आठवणी इथेच संपतात. माझीही संपली होती. पुढची गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती.

त्या पडवीच्या पायरीवर एक पोरगा बसायचा. माझ्याच वर्गातला. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतला. रविवारी पहाटे उठून, शेळ्या धाकट्या बहिणीच्या हवाली करून, तासभर चालत तो यायचा. पडवीत जागा असायची. कुणी त्याला “वर ये” म्हटलं नाही आणि कुणी “जा” असंही म्हटलं नाही. तो पायरीवर बसला आणि ती त्याची जागा झाली. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी त्याच्या पाठीवर पडायचं, तेव्हा तो एक पायरी वर सरकायचा. एकच.

जंगलातलं आम्हाला जे माहीत नव्हतं ते सगळं त्याला माहीत होतं. कुठल्या ओहळाला खेकडी, कुठल्या झाडावर मोहोळ, बिबळ्या कुठल्या वाटेने खाली उतरतो. आमच्याकडे वाघ म्हणजे बिबळ्याच. पट्ट्यापट्ट्यांचा ढाण्या वाघ माझ्या आजीच्याही फक्त गोष्टीत होता. एकदा बघीरा मोगलीला वाचवतो असा भाग लागला. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो आणि पायरीवरून हा म्हणाला, “ह्यो बघीरा म्हंजे काळा बिबळ्याच ना? त्यो तं आमची शेळी नेतो.” सगळे हसले. खरं तर बरोबर तोच होता. पडद्यावर जो मोगलीचा मित्र, तो वाडीत गोठ्याबाहेर येणारा चोर. आणि पडद्यावर जो खलनायक, तो वाडीत देव.

हे देव प्रकरण शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस म्हणतो, गायवासराची पूजा करतो. आमच्या डोंगरपट्टीतल्या वाड्यांवर हाच दिवस वाघबारस. रानाच्या कडेला वाघोबाचा दगड किंवा लाकडाची फळी असते, तिच्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य, सगळ्याला शेंदूर. गुराखी पोरं घराघरातून तांदूळ आणि दूध गोळा करतात, तिथेच चूल मांडून खीर शिजवतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि सांगतात की बाबा, तुझं रान तुझं, आमचा गोठा आमचा. मग खेळ होतो. एक पोरगा वाघ बनतो आणि बाकीचे ओरडत त्याला रानाच्या दिशेने पळवतात. कुणी त्याला मारत नाही. फक्त हद्दीपलीकडे नेऊन सोडायचं.

आमचा हा सोबती दरवर्षी वाघ व्हायचा. मी एकदा आजीला न सांगता वाडीवर गेलो होतो, तेव्हा पाहिलं. चार पायांवर आला, खांदे असे खाली-वर करत, की माझ्या पोटात गोळा आला. नाना पाटेकर विसरायला लावेल असा वाघ.

सहावीच्या वर्गात आम्ही मोगली-मोगली खेळायला लागलो, तेव्हा मला वाटलं हा शेरखान होईल. पण वर्गाने ठरवलं की तो मोगली. कारण काय? तो जंगलातला. त्याची खाकी चड्डी मागून फाटलेली. केसांना तेल नसायचं. तो म्हणाला, “मी मोगली नाय होनार. मी वाघ होतो.” तेव्हा मी, हे लिहिताना अजून बोट अडखळतं, मी मोठ्याने म्हणालो, “अरे तू आहेसच मोगली, तुला व्हायचं काय त्यात!” सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याचं नाव मोगली. आधी पोरं म्हणायची. मग सगळी शाळा. मग एके दिवशी हजेरी घेताना गुरुजीही गमतीने म्हणाले, “मोगली?” आणि तो क्षणभर थांबून म्हणाला, “हजर.”

दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. त्याचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले, त्यांच्याबरोबर गेला. आमच्या तालुक्यात हे दरवर्षीचं असतं. भात कापून झालं की वाड्या रिकाम्या होतात, पाऊस जवळ आला की माणसं परत येतात. वर्गात त्याची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली. रविवारी पायरी रिकामी राहिली. मालिका संपली, दुसरं काहीतरी लागलं. आणि मी पुढची तीस वर्षं सगळ्यांना सांगत राहिलो की आमच्या लहानपणी काय सुंदर मोगली लागायचा.

आता परत मे महिन्यातल्या भांडणाकडे येतो.

मी पोरीला जुना मोगली शोधून दिला. अटीवर, की मी तिचा नवा बघेन आणि ती माझा जुना. पुढचे काही दिवस रात्री जेवणानंतर आमची जोडपरीक्षा चालली. मी मनात निकाल आधीच लावून ठेवला होता.

पहिला धक्का मला बसला तो वंशावळीचा. जो मोगली मी छातीवर हात ठेवून ‘आपला’ म्हणत होतो, तो जपानी. १९८९-९० मध्ये निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने तो तिकडच्या टीव्हीसाठी केला, ५२ भागांचा. आपल्याकडे आला तो हिंदी आवाज आणि हिंदी गाणं लेवून. आणि जो गुळगुळीत पोरगा मला परका, प्लॅस्टिकचा, कुठला तरी विलायती वाटत होता, त्यामागची कंपनी हैदराबादची, डीक्यू एंटरटेनमेंट. २०१० च्या सुमारास परदेशी भागीदारांना घेऊन तिने तो केला आणि जगभर विकला. म्हणजे माझा ‘देशी’ मोगली तोक्योचा, आणि पोरीचा ‘परका’ मोगली चारमिनारच्या गावचा. मी हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “मग भांडण मिटलं ना? भांडी घासायला या.”

दुसरा धक्का पोरीने दिला. जुना लावला तर तिचा पहिला प्रश्न, “बाबा, हा बोलताना फक्त तोंडच का हलतं?” मी नीट पाहिलं. खरंच की! चेहरा थिजलेला, ओठ तेवढे उघडझाप करतात. लांडग्यांचं पळणं तेच ते पुन्हा वापरलेलं. ही सगळी चित्रं माणसांनी हाताने काढून, पारदर्शक कागदावर रंगवून, एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवलेली. दर आठवड्याला एक भाग द्यायचा तर तेवढी चित्रं कोण काढणार? म्हणून हलायला लागेल तेवढंच हलवायचं. आमच्या पडवीतल्या मुंग्यांमध्ये ते कधी दिसलंच नव्हतं. नव्या मोगलीत संगणकाने बाहुल्या घडवलेल्या, त्या सगळ्या अंगाने हलतात, बल्लूच्या पोटावरची चरबीसुद्धा थुलथुलते.

मग मी तिला म्हटलं, मागचं रान बघ. जुन्यातलं रान जलरंगात रंगवल्यासारखं आहे. कुणीच बोलत नसतं, नुसता वारा, पानं, लांबवर कुठेतरी पक्षी. कितीतरी वेळ काहीच घडत नाही. नव्यात असा एक क्षण नाही. भाग जेमतेम ११ मिनिटांचा, तेवढ्यात अडचण यायची, पळापळ व्हायची, अडचण सुटायची. रान आहे, पण ते खेळाच्या मैदानासारखं. माहुलीच्या पायथ्याशी ज्याने एक दुपार काढली आहे त्याला माहीत आहे की रानात बहुतेक वेळ काहीच घडत नाही, आणि भीती नेमकी त्याचीच असते.

तिसऱ्या रात्री शेरखान आला. जुना. पोरगी माझ्या मांडीला येऊन टेकली. नव्यातल्या शेरखानला ती हसायची. तो डरकाळ्या फोडतो आणि दर भागात फजीत होतो. जुन्यातला बोलतो हळू आणि येतो त्याहून हळू. पाचव्या भागानंतर तिने विचारलं, “पुढे काय होतं?” हा प्रश्न तिने नव्याबद्दल कधी विचारला नव्हता. तिथे पुढे काही होतच नाही. कुठलाही भाग कधीही लावा, मोगली तेवढाच असतो. जुन्यात तो वाढतो. जवळचं माणूस गमावतो, चुकतो, माणसांच्या गावात जातो, आणि शेवटी जंगल की गाव हे त्याला ठरवावं लागतं. मी मनातल्या मनात विजयी झालो.

तेव्हा ती म्हणाली, “पण बाबा, नव्यात कुणी मरत नाही. झोपताना तोच बरा.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. आम्ही २० जण होतो, दिवसाउजेडी, मोठ्या माणसांच्या सोबतीने, आजीच्या मांडीजवळ. ती एकटी बघते, रात्री, पांघरुणात. भीती वाटून घ्यायला सोबत लागते. आम्हाला ती होती. नव्या मोगलीला दोष देताना हे मी धरलंच नव्हतं. मालिका मऊ झाली, कारण बघणारं पोर एकटं झालं.

‘खरा’ कुठला याचा शोध घ्यायचा तर अजून मागे जावं लागतं, आणि तिथे तर मी पारच हरलो. जपान्यांनी ज्या पुस्तकावरून मालिका केली ते रुडयार्ड किपलिंगचं. हा गृहस्थ ३० डिसेंबर १८६५ ला मुंबईत जन्मला, बाप जे. जे. कला विद्यालयात शिकवायला होता. त्याच वर्षी आमच्या पुढच्या कसाऱ्यावरून थळ घाट चढून आगगाडी इगतपुरीला पोचली. आसनगावला ती १८६० मध्येच आली होती. म्हणजे मोगलीचा बाप पाळण्यात होता, तेव्हा आमच्या रानातून इंजिनं धूर सोडत जात होती. पाचव्या वर्षी किपलिंगला विलायतेला धाडलं. तरुणपणी तो पुन्हा हिंदुस्थानात येऊन वर्तमानपत्रात काम करून गेला. ‘जंगल बुक’ त्याने लिहिलं मात्र अमेरिकेत, बर्फाच्या प्रदेशात, आणि ते छापून आलं १८९४ साली. त्याच्या दोनच वर्षं आधी इथे तानसाचं धरण पुरं झालं आणि आमच्या तालुक्याचं पाणी मुंबईला जायला लागलं. आमच्याकडचं रान आणि पाणी असं खरोखरीचं निघून जात होतं, आणि तिकडे कागदावर एक जंगल उभं राहत होतं.

ते कागदावरचं जंगल मध्य प्रदेशातल्या शिवनीचं, नदी वैनगंगा. तीच वैनगंगा जी पुढे भंडारा, गडचिरोलीतून वाहते. भंडाऱ्याचा वाचक म्हणू शकतो की मोगली आमच्या नदीवरचा, आणि त्याला नाही म्हणता येणार नाही. पण ‘मोगली’ हा शब्द ना मराठी, ना हिंदी, ना गोंडी. किपलिंगनेच तो रचला आणि अर्थ दिला बेडूक. केस नसलेलं, गुळगुळीत माणसाचं पोर म्हणून लांडगीण त्याला लाडाने बेडूक म्हणते. त्या पुस्तकात मोगली शेरखानला म्हशींच्या कळपाखाली तुडवून मारतो आणि त्याचं कातडं सोलतो. जपानी मालिका हे सगळं आपल्या पद्धतीने फिरवते. त्याच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये, डिस्नेने त्यातून नाचगाणी काढली होती. २०१६ मध्ये डिस्नेनेच पुन्हा नवा चित्रपट काढला, तेव्हा हिंदीत शेरखानला पुन्हा नानाच उभा केला, आणि जाहिरातीसाठी फुलाचं गाणंही नव्याने करून घेतलं. तो मी कल्याणला थिएटरात बघितला. आवाज आला आणि मला तात्यांच्या गालावरचा फेस दिसला. पायरी तेव्हाही दिसली नाही.

तर पोरीच्या ‘खरा म्हणजे?’ या प्रश्नाचं उत्तर असं, की मूळ मोगली कुठेच नाही. प्रत्येकाचा मोगली हा आधीच्या कुणाच्या तरी मोगलीची नवी आवृत्ती आहे. आपण ज्याला अस्सल म्हणतो तो फक्त आपल्या वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी भेटलेला असतो.

दिवाळीत मी पोरीला घेऊन वाडीवर गेलो. वाघबारस होती. एवढं सगळं बोलून झाल्यावर तिला वाघोबा दाखवायला हवा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण मला माहीत होतं. तो आता परत वाडीवर राहतो, आणि सुट्टीच्या दिवशी शहरातून ट्रेकला येणाऱ्या पोरांना माहुलीवर नेतो, हे मी स्टेशनात ऐकलं होतं. स्टेशनापासून वाडी फार लांब नाही. मला पोचायला तीस वर्षं लागली.

वाटेत पोरीला खूप काही दाखवता आलं नाही. पूर्वी जिथे मोहाची झाडं होती तिथे आता बंगल्यांच्या प्लॉटांना कुंपणं आहेत. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला. डोंगर पोखरून केलेला तो रस्ता बघायला माणसं गाड्या घेऊन येतात. बिबळ्या कुठून रस्ता ओलांडतो ते बघायला कुणी येत नाही.

त्याने मला लगेच ओळखलं. केस पांढरे झालेत, खांदे तेच. “काय रं, वाट चुकला का?” म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्याच्या मागून आलेल्या एका ट्रेकवाल्या पोराने हाक मारली, “मोगली काका, पाणी कुठे भरायचं?”

माझा चेहरा त्याला दिसला असावा. तो हसला. “तूच ठिवलेलं नाव. अजून चालतंय. शहरातल्या पोरांना बरं पडतं, ध्यानात राहतं. फोनमधी मोगली काका म्हणूनच लिहून घेतात.”

मी म्हटलं, “चुकलं माझं तेव्हा.” हे वाक्य मी वाटेत दहा वेळा घोकलं होतं, तरी तोंडातून तुटकच बाहेर पडलं.

तो थोडा वेळ चुलीतली लाकडं सारत राहिला. मग म्हणाला, “शाळा काय त्याच्यापायी नाय सोडली. भट्टीवर जायाचंच व्हतं. आईबापाला अंगावर उचल व्हती. पन हजेरीला माझं खरं नाव कुनी घेतलं असतं ना, तं बरं वाटलं असतं. शाळंत माझं नाव तेवढ्याच टायमाला घ्यायचे.”

पोरीने तेवढ्यात मोबाइल काढला. वाडीवर रेंज नाही म्हणून तिने जुना एक भाग घरीच उतरवून आणला होता. “काका, हा बघा. बाबा म्हणतात हा खरा आहे.” तो उभ्यानेच बघायला लागला. फोन जरा लांब धरून, डोळे बारीक करून. शेरखान आला, बोलला. “आवाज त्योच हाय,” तो म्हणाला. आणि मग, “मला ह्यो कधी आख्खा दिसला नाय. तात्यांच्या पडवीचा खांब मधी यायचा. डोकं दिसायचं तं शेपूट नाय.”

इतकी वर्षं मी ज्या मालिकेला परिपूर्ण म्हणत होतो, ती त्याने खांबाच्या आडून, अर्धी बघितली होती. मी मधोमध बसायचो. वळून बघितलं असतं तर खांब मलाही दिसला असता. सरकून बसलो असतो तर जागाही झाली असती.

त्याने भाग शेवटपर्यंत बघितला आणि फोन पोरीला परत दिला. “चांगला काढलाय. पन वाघ एवढं बोलत नसतो.”

खीर झाली. नैवेद्य दाखवला. मी त्याला त्याच्या नावाने हाक मारली आणि पानावर वाढू का म्हणून विचारलं. त्याने मान वर केली आणि “वाढ” म्हणाला. ते नाव इथे लिहिलेलं नाही, कारण छापू का असं मी त्याला विचारलेलं नाही. पुढच्या खेपेला विचारीन.

मग खेळ सुरू झाला. वाडीतली पोरं गोळा झाली, वाघ कोण होणार यावर वाद घालायला लागली. तो माझ्या पोरीला म्हणाला, “तू कोन व्हतेस? मोगली?”

“नाही,” ती म्हणाली, “वाघ.”

त्याने तिला बाजूला नेलं आणि खांदे कसे हलवायचे ते दाखवलं. आधी एक पाय, मग थांबायचं. घाई करायची नाही. ती वाकली, हात जमिनीला टेकले, आणि वाडीतली सगळी पोरं ओरडत तिच्या मागे रानाच्या हद्दीपर्यंत धावत गेली.